बांधापलीकडचं पाणी

आमच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन माणूस बघून चालायचं. आमचे हे रेल्वेत नोकरीला. त्यांची सुट्टी असली आणि त्यांनी हँडल मारलं की एका झटक्यात सुरू. मी गेले की आधी खोकणार, मग काळा धूर सोडणार आणि शेवटी गप्प बसणार. एकदा तर हँडल असं उलटं फिरलं की मनगट सुजून टम्म झालं आणि मला चार दिवस भाकरी थापता आली नाही. त्या इंजिनाला मी ज्या शिव्या दिल्यात त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

तलासरी तालुक्यात झरीला आमची शेती. पावसात भात, आणि भात कापून झालं की विहिरीच्या पाण्यावर मिरची. माझं माहेर बोर्डीचं. मी लग्न होऊन आले तेव्हा पाड्यावरच्या बायका म्हणायच्या, हिला चिकूच्या सावलीची सवय, ही कसली उन्हात उभी राहतेय. सासूबाई गेल्या, हे पहाटेच डहाणू रोडला ड्युटीवर निघायचे, आणि २०१४ च्या सुमाराला शेत माझ्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं म्हणते खरी, पण वर्षभरात माझा जीव त्यात असा गुंतला की कुणी विकायचा विषय काढला असता तर मी त्याला चहासुद्धा विचारला नसता.

इंजिन लागलं की पाण्याचा लोट पाटात यायचा. मिरचीची एक सरी भरली की फावड्याने माती ओढून तिचं तोंड बंद करायचं आणि दुसरीचं फोडायचं. पाणी काही शिस्तीत जात नाही. मध्येच पाट फुटायचा, मध्येच पाणी उंदराच्या बिळात शिरायचं, आणि या सगळ्यातून जे उरायचं ते उताराला लागून खालच्या बांधातल्या मोरीतून पलीकडे जायचं. पलीकडे काकीची पट्टी होती.

काकी म्हणजे आमची शेजारीण, नात्याची नव्हे. सासूबाईंहून जराशी लहान. नवरा केव्हाच गेलेला. मुलगा आणि सून गुजरातच्या हद्दीत, उंबरगावच्या कारखान्यात कामाला, तिथेच खोली घेऊन राहायचे. मुलगा वाईट नव्हता, आईला सारखा बोलवायचा, पण ही जायची नाही. आमच्या बांधाला लागून तिची एक चिंचोळी पट्टी होती. तिच्यात भेंडी, चवळी, कडेने चार झेंडू. निघेल ती भाजी पाटीत घालून ती आठवडी बाजारात बसायची. मुलापुढे हात पसरायचा नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि ते त्या पट्टीच्या जोरावर होतं.

आमचं इंजिन भकभकायला लागलं की ती फावडं खांद्यावर टाकून बांधावर हजर व्हायची. मोरीतून पाणी आलं की ते आपल्या वाफ्यांत वळवायची. तिने कधी विचारलं नाही आणि आम्ही कधी सांगितलं नाही. सासूबाईंच्या वेळेपासून हे असंच चाललेलं. मी इंजिनाचा उद्धार करत असायचे आणि ती पलीकडून म्हणायची, "तोंड सांभाळ गं सूनबाई, त्याला ऐकू जातंय. उद्या रुसलं तर मी काय करू?" मला ती गंमत वाटायची. ती गंमत नव्हती हे कळायला सोलर यावा लागला.

सोलर आला तो २०१७ चा पाऊस संपल्यावर. सरकारी योजना होती. कागद फिरवण्यात यांच्या किती सुट्ट्या गेल्या ते सोडा, पण आला. शेताच्या वरच्या अंगाला, विहिरीजवळ, लोखंडी सांगाड्यावर निळ्या-काळ्या प्लेटा चढल्या. पंपाबरोबर ठिबकही घ्या, नाहीतर सोलरचा उपयोग काय, असं तालुक्याच्या शिबिरात साहेबांनी बजावलं होतं. म्हणून पाट बुजवले आणि मिरचीच्या ओळींतून काळ्या नळ्या अंथरल्या. हे सगळं जोडायला आलेला माणूस उंबरगावकडचा होता, निम्मं मराठी निम्मं गुजराती बोलायचा. मला 'बेन' म्हणायचा. फिल्टर कसा धुवायचा, कॉक कुठला आधी फिरवायचा, पाईपच्या टोकाचं बूच अधूनमधून उघडून गाळ कसा जाऊ द्यायचा, सगळं त्याने मला दोनदोनदा करून दाखवलं. शेवटी हात झटकून म्हणाला, "बेन, आता एक टीपुं पण वाया नाय जाणार."

आणि खरंच नाही गेलं. मी पहिल्या दिवशी खालच्या बांधापर्यंत चालत गेले, तर माझी पावलं कोरडी. नुसती झाडाच्या बुडाशी वाटीएवढी ओल. बटण दाबलं की पंप सुरू, आवाज नाही, धूर नाही, डिझेलचा कॅन घेऊन तलासरीला जाणं नाही. इंजिन गोठ्यात नेऊन टाकलं आणि त्याच्यावर कोंबड्या बसायला लागल्या. इतकं सुख मला लग्नातसुद्धा मिळालं नव्हतं, असं मी यांना तोंडावर सांगितलं. हे म्हणाले, "मग सोलरशीच संसार कर." मी म्हटलं, करतेच आहे.

पाड्यावर अर्थातच बोलणं झालं. यांना कसा मिळाला, आम्हाला का नाही, साहेबांशी ओळख असेल, रेल्वेवाल्यांचं काय बाबा. मी कानाडोळा केला. पण काकीही यायची बंद झाली, ते मात्र मला लागलं. सुरुवातीला वाटलं, आता इंजिनाचा आवाज नाही, तिला कळत नसेल मी शेतात कधी असते. मग होळीच्या आधी एकदा हातपंपाच्या वाटेवर समोरासमोर आलो. तिच्या डोक्यावर हंडा. मी हाक मारली, "काकी, बऱ्या आहात ना? हल्ली दिसत नाही?" ती "बरी हाय" म्हणाली आणि थांबलीसुद्धा नाही.

मला रागच आला. घरी येऊन मी यांच्यासमोर तोंड सोडलं. म्हटलं, मी हिचं काय घोडं मारलंय? पाड्यावरच्या बाकीच्यांना पोटात दुखतंय ते मी समजू शकते, पण ही? हिने मला बाळंतपणात तेल चोळलंय आणि आज दोन प्लेटा बघून तोंड फिरवते? हे जेवत होते. म्हणाले, "तू विचार की तिलाच." मी म्हटलं, माझं अडलंय खेटर. आणि खरंच, मी विचारलं नाही.

प्लेटांवर धूळ बसली की पंप मंदावतो. हायवेच्या बाजूने वारा असला की आमच्याकडे धुळीला तोटा नाही. म्हणून मी आठवड्यातून एकदा स्टुलावर चढून फडक्याने प्लेटा पुसायचे. चैत्रातली गोष्ट. अशीच पुसत असताना वरून सगळं शेत दिसत होतं. माझी मिरची हिरवीगार. बांधापर्यंत हिरवीगार. आणि बांधाच्या पलीकडे एकदम पिवळं, मातीला भेगा पडलेल्या. त्यात काकी ओणवी होऊन एकेका भेंडीच्या बुडाशी डब्याने पाणी घालत होती. शेजारी हंडा. हंडा रिकामा झाला की डोक्यावर घेऊन ती हातपंपाकडे निघायची, आणि हातपंप काही जवळ नव्हता.

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. इतके महिने मला हे दिसलं नव्हतं, कारण मी खालच्या बांधाकडे जातच नव्हते. जायचं कारणच उरलं नव्हतं, टोकाचं बूच उघडायचं तर मी विसरूनच गेले होते. तिकडे पूर्वी पाट फुटतो का ते बघायला जावं लागायचं.

मी स्टुलावरून उतरले आणि तशीच तिच्याकडे गेले. म्हटलं, "काकी, अहो पाणी येत नाही तुमच्याकडे, तर सांगायचंत की."

तिने डबा खाली ठेवला. "काय सांगायचं?"

"हेच, की मोरीतून पाणी येत नाही."

"तू पाट बुजवलास. तुझा पाट हाय. मी कोण विचारणारी?" ती शांतपणे म्हणाली. मग म्हणाली, "मला वाटलं, कोंबड्यांवरून."

कोंबड्यांवरून म्हणजे, त्या दिवाळीत तिच्या कोंबड्यांनी माझ्या मिरचीच्या रोपांचा वाफा उकरला होता आणि मी माझ्या सवयीने दोन शब्द जास्त बोलले होते. मी ते संध्याकाळपर्यंत विसरूनही गेले होते. ती धरून बसली होती की त्या रागाने मी पाणी तोडलं. आणि मी धरून बसले होते की तिला माझा सोलर बघवत नाही. दोघी बांधाच्या दोन बाजूंना फुगून बसलेल्या, आणि मध्ये तिची भेंडी वाळत होती.

मी तिला समजावलं, शपथ घेतली, ठिबकचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, तिला ते पटलंही. म्हणाली, "नाय गं, तू तशी नायस." मला इतकं हायसं वाटलं की मी लगेच म्हटलं, "उद्याच्या उद्या तुमच्या बाजूला एक नळी टाकून देते. तुमच्यापुरता कॉक बसवू. हवं तेव्हा उघडा."

तर ती मान हलवून म्हणाली, "नको."

"का नको?"

"पूर्वी पाणी यायचं. कुणी द्यायचं नाय." तिने डबा उचलला. "आता तू देणार. मग मी तुला काय देऊ? पोराकडे हात पसरला नाय तो तुझ्याकडे पसरू? तू चांगली हायस म्हणून?"

मी खूप बोलले. शेजारधर्म काढला, सासूबाईंचं नाव काढलं, शेवटी चिडलेसुद्धा. म्हटलं, असला कसला हट्ट, वाळून चाललंय सगळं. ती म्हणाली, "वाळू दे. यंदा एवढं. पाऊस झाला की बघीन, नायतर जाते पोराकडे खोलीत राहायला. सारखा बोलवतोच हाय." आणि हंडा घेऊन निघाली. ती खोली मी पाहिली होती. कारखान्याच्या मागे, पत्र्याची, दारात उभं राहायला माती म्हणून नाही. काकी तिथे काय करणार होती? पत्र्याकडे बघत बसणार होती?

त्या वर्षी तिची पट्टी वाळलीच. मी बघत राहिले आणि माझं डोकं चालायचं थांबलं.

हे म्हणाले, "तिला नळी नको तर तू काय करणार? आता काय मुद्दाम वाया घालवणार आहेस?" हे सहज बोलले, पण मी त्या बोलण्यावर पुष्कळ दिवस विचार करत राहिले. पाणी वाया जातं म्हणायचं, पण कुठून वाया? आमचं शेत जिथे संपतं तिथे साहेबांचा हिशोब संपत होता. बांधाच्या पलीकडे गेलेलं पाणी त्यांच्या लेखी वाया, आणि काकीच्या लेखी तेच पीक. साहेब चुकीचं बोलत नव्हते. डिझेल जाळून मी पाणी उपसत होते आणि त्यातलं निम्मंशिम्मं भलतीकडे जात होतं, हेही खोटं नाही. मला परत इंजिन नको होतं, देवाशपथ नको होतं. पण त्या इंजिनाच्या गबाळेपणात एका बाईची मान ताठ राहण्याची सोय होती, आणि आम्ही गबाळेपणा काढताना तीही काढून टाकली. कुणाचं लक्षच गेलं नाही, तिचंसुद्धा. तिला ते आमच्या भांडणाचं वाटलं.

वाट दाखवली ती उन्हाने. पावसानंतर पुन्हा मिरची लावली. ठिबक सकाळी लावलं की दुपारच्या जेवणापर्यंत मिरचीचं पोट भरायचं. मग मी बटण बंद करायचे. आणि त्यानंतर, ऐन कडक उन्हात, प्लेटा नुसत्या तापत उभ्या. एक दिवस मी पडवीत भाकरी खात होते आणि माझं लक्ष तिकडे गेलं. म्हटलं, हे ऊन आता जातंय ते वाया नाही का? त्याला कुणी वाया म्हणत नाही. विहिरीलाही आता पाणी असायचं, पूर्वीसारखी दुपारीच तळ दाखवायची नाही.

मी उठले, खालच्या बांधाशी गेले आणि मोठ्या पाईपच्या टोकाचं गाळ काढायचं बूच उघडून टाकलं. वर जाऊन पंप लावला. टोकातून पाणी धो धो निघालं, बांधाला लागलं आणि मोरी शोधून पलीकडे गेलं. गाळ काढायला उघडलंय, असं मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर पुन्हा उघडलं. तिसऱ्या दिवशीही. माझ्या पाईपमध्ये इतका गाळ कुठून येतो, हे माझं मलाही सांगता आलं नसतं.

चार-सहा दिवसांनी काकीच्या बाजूला मोरीच्या तोंडाशी माती सारखी केलेली दिसली. मग वाफे बांधलेले दिसले. मग एका दुपारी ती फावडं घेऊन उभी होती, आणि मी वरून बघितलं तर तिने वर बघितलं नाही. मीही आत निघून गेले. सांगते, मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी मी आमटीत मीठ दोनदा घातलं. पण धाकधूक होती. तिने एकदा जरी म्हटलं असतं की तू हे माझ्यासाठी करतेस, तर सगळं संपलं असतं. मुलगा दर महिन्याला फोन करत होता, खोलीत पंखा बसवलाय, ये.

त्याच हिवाळ्यात आमच्याकडे भूकंपाचे धक्के बसायला लागले. डहाणू, तलासरी, सगळीकडे. खालून कुणीतरी धक्का मारावा तसं व्हायचं आणि मांडणीवरची भांडी वाजायची. लोक घरात झोपेनात, अंगणात ताडपत्र्या बांधल्या. सोलरच्या सांगाड्यांचे पाये हलले का ते बघायला उंबरगावचा तो माणूस गावोगाव फिरत होता. आमच्याकडे तो आला तो नेमका दुपारी, जेवण झाल्यावर.

पाये बघितले, बोल्ट आवळले, मग म्हणाला, लाईन पण बघून घेतो. मी म्हटलं, "लाईन चांगली आहे, चहा घ्या." तो चहा न घेताच ओळीओळीने खाली चालला. मी त्याच्या मागे. बांधाशी पोहोचला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला. पाणी धो धो चाललेलं.

"बेन, आ शुं? हे काय?"

"भूकंपाने झालं असेल," मी म्हटलं.

त्याने वाकून पाहिलं. बूच बांधावर, एका सपाट दगडावर, नीट पालथं ठेवलेलं होतं. तो म्हणाला, "भूकंप बूच खोलून दगडावर ठेवतो?"

पलीकडे काकी खुरपत बसली होती. भेंडीला नुकती फुलं धरलेली. ती ऐकत होती, हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं. आता हा विचारणार, कोणासाठी उघडलंत? मी काहीही सांगितलं तरी ते उपकाराचं होणार. आणि संध्याकाळी ती मुलाला फोन करून म्हणणार, ये मला न्यायला.

तो माणूस बूच घेऊन पाईपपाशी उकिडवा बसला. "केटलं पाणी वाया घालवता, बेन. सरकारने याच्यासाठी दिलंय का?" असं म्हणत आटे बसवायला लागला.

काकी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, बांधावर आली. त्याच्यासमोर हात पुढे केला आणि म्हणाली, "ते दे इकडे."

तो माझ्याकडे बघायला लागला.

"दे म्हणते ना. वाया कशाला जातंय? माझी भेंडी दिसत नाय तुला?" त्याच्या हातातून तिने बूच काढून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू हे असं दगडावर टाकून जातेस, ढोर येऊन तुडवील एक दिवस. माझ्यापाशी राहू दे. माझं भिजलं की मी लावीन आणि तुला हाक मारीन. मग तू वरून बंद कर."

तिने बूच पदराच्या टोकात गाठ मारून कमरेला खोचलं आणि परत जाऊन खुरपायला बसली.